गावातल्या एका कामाचा हिशोब शेवटपर्यंत कसा मागायचा

आमच्या गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला तेव्हा सगळेच खूश होतो, पावसाळ्यात चिखलातून पोरांना शाळेत उचलून न्यायला लागायचं ते थांबलं, त्यामुळे रस्ता पाराजवळ येऊन मधेच का थांबला आणि पुढची सहा घरं का सोडली हे कोणी फारसं विचारलं नाही, ज्यांनी विचारलं त्यांना एकच उत्तर, "तेवढाच निधी आला होता." दीड वर्षानं मी सहज मोबाईलवर ई-ग्रामस्वराज, म्हणजे पंचायतींची कामं आणि खर्च दाखवणारी सरकारी साईट, उघडली. आपल्याकडे कामाची नावं कशी असतात माहितीये ना, अमक्याच्या घरापासून तमक्याच्या घरापर्यंत सिमेंट काँक्रीट रस्ता करणे. तर त्या नावात शेवटचं जे घर होतं ते त्या सुटलेल्या सहा घरांपैकी सगळ्यात शेवटचं. आणि काम पूर्ण, बिल अदा.

पुढचे आठ महिने त्या एका रस्त्याच्या मागे गेले. त्यात जे शिकलो ते इथे लिहितोय, कारण बऱ्याच गावांतून लोक विचारतात की सुरुवात कुठून करायची. आधीच सांगतो, मी वकील नाही, ग्रामपंचायतीचा मतदार आहे आणि तेवढं पुरतं.

सगळ्यात पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, एकच काम धरा. लोक काय करतात, रागाच्या भरात गेल्या दहा वर्षांचा सगळा जमाखर्च मागतात, मग एकतर "माहिती विस्तृत आहे" म्हणून उत्तर येतं किंवा दोन हजार पानांचं झेरॉक्सचं बिल हातात पडतं आणि माणूस गप्प बसतो. त्यापेक्षा असं एक काम निवडा जे डोळ्यानं दिसतं, टेपनं मोजता येतं आणि ज्याचा त्रास रोज दहा-वीस घरांना होतो. गटार, रस्ता, शाळेचं संडास, पाण्याची टाकी, स्ट्रीटलाईट. ट्रेनिंग, जनजागृती, किरकोळ दुरुस्ती असल्या खर्चात खरं तर जास्त गडबड असू शकते पण ते सिद्ध करायला अवघड जातं, पहिल्यांदा त्याच्या नादी लागू नका.

काम ठरलं की आधी घरबसल्या जे मिळतं ते काढा. ई-ग्रामस्वराज पोर्टल एप्रिल २०२० पासून आहे, त्यात राज्य, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत आणि आर्थिक वर्ष निवडलं की गावचा विकास आराखडा दिसतो, म्हणजे आपल्याकडे ज्याला "आमचं गाव आमचा विकास" म्हणतात तो, आणि वित्त आयोगाच्या, म्हणजे केंद्राकडून येणाऱ्या, पैशातून कुठल्या कामावर किती खर्च टाकलाय तेही दिसतं. मेरी पंचायत नावाचं ॲप आहे त्यातही बरंच कळतं. एक लक्षात ठेवा, इथे सगळा पैसा दिसेलच असं नाही, मुख्यतः वित्त आयोगाचा दिसतो. आमदार निधी, जिल्हा परिषदेची कामं, गावाचा स्वतःचा घरपट्टी-पाणीपट्टीचा पैसा हे वेगळं शोधावं लागतं. १५व्या वित्त आयोगात महाराष्ट्रात ग्रामपंचायतीला ८० टक्के, पंचायत समितीला १० आणि जिल्हा परिषदेला १० टक्के अशी वाटणी होती आणि २०२१-२२ पासून ६० टक्के पैसा बंधित होता, म्हणजे तो पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायचा. हे माहीत असलं की ग्रामसभेत "पाण्यासाठी पैसाच नाही" म्हटलं की लगेच विचारता येतं, बंधितचा किती आला आणि कशावर गेला?

साईटवरच्या त्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, तारखेसकट.

आता प्रत्यक्ष जागेवर जा. कामाच्या ठिकाणी माहितीचा बोर्ड असायला पाहिजे, कामाचं नाव, योजना, रक्कम, ठेकेदार, सुरू झाल्याची आणि संपल्याची तारीख. नसेल तर नाही असा फोटो काढा. आणि मग मोजा. ३० मीटरचा टेप कुठल्याही गवंड्याकडे मिळतो. लांबी एका दमात मोजू नका, खडूनं खूण करत करत मोजा, रुंदी किमान तीन-चार ठिकाणी घ्या कारण गल्लीत ती बदलते, आणि जाडी बघायला रस्त्याची कड जिथे उघडी असेल तिथे पट्टी लावा. हे काम एकट्यानं करायचं नाही, पाच-सहा जण पाहिजेत, त्यात त्या गल्लीतल्या बायका पाहिजेत, आणि मोजलेलं वहीत लिहून खाली सगळ्यांच्या सह्या. आम्ही मोजलं तेव्हा लांबी ६१ मीटर, रुंदी सरासरी २.७० मीटर आणि जाडी जिथे दिसली तिथे १० सेंटीमीटर. शेजारच्या आजी टेपचं टोक धरून उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, "आरं पण कागदावर किती हाय ते कळल्याबिगर ह्याचा उपेग काय?" बरोबर होतं त्यांचं.

कागदावर किती हे कळायला तीन कागद लागतात. एक इस्टिमेट म्हणजे अंदाजपत्रक, दुसरं मोजमाप पुस्तक ज्याला सगळे एमबी म्हणतात, तिसरं बिल आणि पैसे दिल्याचं व्हाउचर. यातलं एमबी म्हणजे कामाचा जीव आहे, इंजिनिअरनं जागेवर येऊन काय मोजलं ते त्यात लांबी, रुंदी, जाडी अशा रकान्यात लिहिलेलं असतं आणि त्यावरच बिल निघतं. चौथा कागद म्हणून ज्या सभेत काम मंजूर झालं त्या ठरावाची नक्कल घ्या, कधी कधी ग्रामसभेत ठरलेलं काम एक असतं आणि झालेलं दुसरंच.

हे कागद मागायच्या आधी एकदा साधं जाऊन विचारा. खरंच विचारा. आपले भाऊसाहेब, म्हणजे ग्रामसेवक (२०२४ पासून या पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालंय), बऱ्याचदा दोन-तीन गावांचा चार्ज सांभाळत असतात, प्रत्येक जण चोर असतो असं नाही आणि काही जण फाईल समोर ठेवतातही. २०१८ मध्ये राज्य सरकारनं परिपत्रक काढलं होतं की दर सोमवारी दुपारी ३ ते ५ जिल्हास्तरावरच्या कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये नागरिकांना रेकॉर्ड बघायला द्यायचं. पुणे महापालिकेत ही पद्धत त्याच्याही आधीपासून होती. ते परिपत्रक सांगून बघा. "भाऊसाहेब, ह्या कामाची फाईल बघायची होती, सोमवारी येऊ का?" एवढं नम्रपणे म्हटलं तरी निम्म्या ठिकाणी काम होतं असा माझा अनुभव.

नाही झालं तर माहिती अधिकार. हा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू आहे, महाराष्ट्रात तर त्याआधी २००२ चा स्वतःचा कायदा होता. आणि हा काही दिल्लीत बसून कोणाला सुचलेला कायदा नाही हे आपण गावाकडच्या लोकांनी विसरू नये. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेनं १९९४ च्या शेवटाला गावागावात जनसुनवाई सुरू केली, दुष्काळी कामांची मस्टर आणि बिलं लोकांसमोर मोठ्यानं वाचायची, एवढंच. वाचलं की लोकच उठून सांगायचे, हा माणूस तर कामावर नव्हताच, ही भिंत तर बांधलीच नाही. १९९६ मध्ये ब्यावरला चाळीस दिवस धरणं झालं ते याच मागणीसाठी, की हिशोबाचे कागद आम्हाला द्या. म्हणजे कायद्याचा उगमच मुळात असा आहे, कागद मोठ्यानं वाचणे. पुढे ग्रामसभेबद्दल लिहिताना परत त्यावर येतो.

अर्ज साध्या कागदावर, जोडपत्र अ च्या नमुन्यात. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला फी नाही, त्यानं दाखल्याची झेरॉक्स जोडायची. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत पाहिजे असा नियम आहे, म्हणून सुद्धा एकच काम धरा म्हटलं. आणि अर्जात प्रश्न विचारू नका, कागद मागा. "रस्ता अर्धवट का सोडला?" याला उत्तर येतं, प्रश्नार्थक माहिती देता येत नाही. आम्ही लिहिला तो मजकूर साधारण असा होता, नाव बदलून तुम्हीही वापरा:

"सन अमुक-तमुक मध्ये १५व्या वित्त आयोग निधीतून केलेल्या 'अमुक घर ते तमुक घर सिमेंट काँक्रीट रस्ता करणे' या कामाच्या खालील कागदपत्रांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात. मंजूर अंदाजपत्रक. प्रशासकीय व तांत्रिक मान्यतेचे आदेश. कार्यारंभ आदेश. मोजमाप पुस्तकातील या कामाची सर्व पाने. देयके व प्रमाणके. काम पूर्णत्वाचा दाखला. कामाला मंजुरी दिलेल्या सभेच्या इतिवृत्तातील संबंधित ठराव. तसेच या कामाच्या मूळ फाईलची पाहणी करण्यासाठी दिनांक व वेळ कळवावी."

बस. आरोप नाही, चौकशीची मागणी नाही, कोणाचं नाव नाही. कोणाचा आधार नंबर, बँक खातं असलं काही मागू नका, ते देणार नाहीत आणि देऊही नये.

आता ज्या गोष्टीवर निम्मे अर्ज मरतात ती. पोच. अर्ज हातात दिला तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख आणि आवक नंबर घेतल्याशिवाय ऑफिसच्या बाहेर पाऊल टाकू नका, "ठेवून जा, बघतो" याला काही अर्थ नाही, कारण तीस दिवस मोजायचे कुठून? शिक्का नाही म्हणाले, शिपाई नाही म्हणाले, तर वाद न घालता सरळ स्पीड पोस्टनं पाठवा आणि ट्रॅकिंगची प्रिंट फाईलला लावा. माझ्या पहिल्या अर्जाला मी पोच घेतली नव्हती आणि महिन्यानं "असा अर्जच नाही" ऐकावं लागलं, तो पूर्ण महिना वाया गेला, म्हणून एवढं कळकळीनं सांगतोय.

तीस दिवसांत माहिती द्यायची असते. झेरॉक्सचे पानाला २ रुपये. पाहणीला गेलात तर पहिल्या तासाला पैसे नाहीत, आणि मी म्हणेन आधी पाहणी करा मग हवी तीच पानं मागा. तीस दिवस उलटल्यावर माहिती दिली तर ती फुकट द्यावी लागते, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं आणि लोक उगाच पैसे भरत बसतात. अर्ज चुकीच्या ऑफिसला गेला तर तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायची जबाबदारी त्यांची आहे, तुम्ही परत हेलपाटा मारायचा नाही. काही आलंच नाही किंवा अर्धवट आलं तर ३० दिवसांच्या आत पहिलं अपील, २० रुपयांचं तिकीट, ग्रामपंचायतीच्या बाबतीत बहुतेक ठिकाणी पंचायत समितीतल्या विस्तार अधिकाऱ्यांकडे, नक्की कोण ते ग्रामपंचायतीच्या बोर्डवर लिहिलेलं असायला हवं. तिथे सुनावणी होते, जाच, आणि शक्यतो दोघं-तिघं जा. तिथेही नाही मिळालं तर ९० दिवसांत दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या आपल्या खंडपीठाकडे. माहिती दडवली तर अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५ हजारापर्यंत दंड होऊ शकतो. पण खरं सांगायचं तर आयोगात तारीख लागायला फार वेळ जातो, त्यामुळे त्याच्या भरवशावर बसू नका, पहिल्या अपिलातच काम होईल असा जोर लावा.

अजून एक हक्क आहे जो कोणी वापरत नाही. या कायद्यात "माहिती" म्हणजे फक्त कागद नाही, झालेल्या कामाची पाहणी करणे आणि वापरलेल्या मालाचा प्रमाणित नमुना घेणे हेही त्यात येतं. म्हणजे रस्त्याच्या काँक्रीटचा तुकडा सील करून मागता येतो.

आम्हाला एमबीची पानं पहिल्या अपिलानंतर मिळाली. त्यात लिहिलं होतं लांबी ८४ मीटर, रुंदी ३ मीटर, जाडी १५ सेंटीमीटर. गुणाकार केला, ८४ गुणिले ३ गुणिले ०.१५, झाले ३७.८० घनमीटर. आमचं मोजमाप ६१ गुणिले २.७० गुणिले ०.१०, झाले साडेसोळा घनमीटरच्या जरा आत. म्हणजे पैसे दिले त्याच्या निम्मंही काँक्रीट जागेवर नव्हतं. हा हिशोब आठवीतल्या पोरीनं केला, मुद्दाम तिलाच करायला सांगितला कारण सगळ्यांना दिसायला पाहिजे की यात काही इंजिनिअरिंग नाही.

पण इथे थांबा. आकडा हातात आला की लगेच व्हॉट्सॲप ग्रुपवर "घोटाळा" लिहून टाकायची घाई करू नका. त्याच वेळी आम्हाला पाण्याच्या टाकीचा खर्च डबल पडलेला दिसला होता, सगळे तापले, आणि नीट कागद बघितल्यावर कळलं की ती एकाच बिलाची दोन आर्थिक वर्षांत दिलेली रक्कम होती, अगदी बरोबर हिशोब. तो आरोप आधीच केला असता तर रस्त्याच्या खऱ्या गोष्टीवरही कोणी विश्वास ठेवला नसता आणि एका सरळ माणसाची बदनामी झाली असती ती वेगळीच. म्हणून आधी लेखी खुलासा मागा. आमच्याकडे एवढा फरक आहे, कुठे चुकत असू तर सांगा.

आणि मग ग्रामसभा. माझ्या मते बाकी सगळी तयारी ही यासाठीच असते. एकट्या माणसाकडे असलेला कागद दाबता येतो, दोनशे लोकांनी ऐकलेला नाही दाबता येत. गडचिरोलीतलं मेंढा-लेखा गाव "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" म्हणतं तेव्हा ती नुसती घोषणा नसते, तिथे ग्रामसभा खरोखर बसते आणि ठरवते. नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात हिवरे बाजार दरवर्षी पावसाचं पाणी किती पडलं आणि त्यावर कुठली पिकं घ्यायची याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतं. आपल्याकडे मात्र बऱ्याच गावात ग्रामसभा म्हणजे वहीवर सह्या.

वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात, सात दिवस आधी नोटीस निघाली पाहिजे, दवंडी पाहिजे. कोरम, म्हणजे किमान हजेरी, मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यात जे कमी असेल ते. कोरम भरला नाही की सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही, मग दहा जणांत सगळं मंजूर. त्यामुळे आपली माणसं पहिल्याच सभेला आणा. नोटीस निघाली की लगेच आपला विषय लेखी द्या, "अमुक रस्त्याच्या मोजमाप पुस्तकातील नोंद व प्रत्यक्ष मोजमाप यातील तफावतीवर चर्चा", त्याचीही पोच घ्या, नाहीतर "विषयपत्रिकेवर नाही" म्हणून उडवतात. सभेत भाषण करू नका, राजस्थानात केलं तसं कागद मोठ्यानं वाचा. एकानं एमबीतला आकडा वाचायचा, दुसऱ्यानं जागेवरचा आकडा वाचायचा, आणि तिसऱ्यानं म्हणायचं की पुन्हा मोजणी व्हावी असा ठराव मांडतो. सूचक, अनुमोदक, ठराव क्रमांक, सगळं तिथल्या तिथे लिहून घ्यायला लावा आणि वाचून दाखवायला सांगा. सुरुवातीला कोऱ्या पानावर सह्या घेतात आणि ठराव नंतर निवांत लिहितात, तिथेच सगळं बदलतं. आम्ही शेवटच्या सहीखाली आडवी रेघ मारून घेतली आणि पानाचा फोटो काढला. कोणी नको म्हणालं नाही, सगळ्यांसमोर कसं म्हणणार?

मुख्य ग्रामसभेच्या आधी महिला ग्रामसभा असते ती अजिबात सोडू नका. आमच्या गावात पाण्याचा प्रश्न तिथूनच सुटायला लागला. वरच्या आळीतल्या बायकांनी भिंतीवरच्या कालनिर्णयवर नळाला पाणी आलं त्या दिवसाला गोल करायला सुरुवात केली, महिन्याला अकरा गोल. तो कालनिर्णय त्यांनी सभेत आणून टेबलावर ठेवला आणि शेजारी पाणीपट्टीची पावती. पाण्याबद्दल अजून दोन गोष्टी विचाराव्यात, टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर, किती खरेदी केली आणि स्टॉक रजिस्टर कुठाय, आणि गावाला आरोग्य खात्याकडून कुठलं कार्ड मिळालंय, लाल, पिवळं का हिरवं. लाल म्हणजे पाण्याच्या स्रोताला साथीचा धोका जास्त. हे कार्ड दरवर्षी सर्व्हे करून देतात आणि बऱ्याच गावात ते कपाटातच राहतं.

आमच्या रस्त्याचं पुढे काय झालं तर ठरावाची नक्कल आणि मोजणीची वही जोडून गटविकास अधिकाऱ्यांकडे अर्ज दिला, त्याची प्रत जिल्हा परिषदेच्या सीईओंना. दोन स्मरणपत्रं गेली. मग विस्तार अधिकारी आणि दुसरे इंजिनिअर येऊन सगळ्यांसमोर मोजून गेले, आणि काही आठवड्यांनी उरलेल्या सहा घरांपुढचा रस्ता झाला, यावेळी जाडी बघायला गल्लीतली माणसं पट्टी घेऊन उभी होती. कमी जाडीचा जो आधीचा तुकडा आहे त्याची वसुली अजून झालेली नाही, त्याचा पाठपुरावा चालू आहे.

कामांव्यतिरिक्त रोजच्या दाखल्यांचा जो छळ असतो त्याला वेगळं हत्यार आहे, तिथे माहिती अधिकार वापरत बसू नका. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५. २८ एप्रिल २०१५ पासून लागू आहे आणि त्यात जन्म-मृत्यूचा दाखला, नमुना ८ चा म्हणजे घराच्या कर आकारणीचा उतारा, रहिवासी, उत्पन्न, जातीचा दाखला अशा शेकडो सेवांना किती दिवस लागायला हवेत ते ठरवून दिलंय. प्रत्येक ऑफिसात सेवांचा तक्ता लावायचा, त्यात सेवा, फी, दिवस, देणारा अधिकारी आणि अपील अधिकारी कोण हे सगळं. अर्ज आपले सरकारच्या पोर्टलवरून, ॲपवरून किंवा सेवा केंद्रातून करा, तोंडी किंवा चिठ्ठीवर नको, कारण ऑनलाईन अर्जाला नंबर पडतो आणि दिवस आपोआप मोजले जातात. मुदत संपली की ३० दिवसांत पहिलं अपील, मग दुसरं, मग सेवा हक्क आयोग. विनाकारण उशीर केला तर अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड आहे. रक्कम छोटी वाटते पण तो त्याच्या खिशातून जातो. मी पाहिलंय की नुसतं "अपील कुणाकडे करायचं ते नाव लिहून द्या" म्हटलं की दाखला त्याच दिवशी निघतो. आणि कोणी वरचे पैसे मागितले तर देऊन मग तक्रार करायची नाही, द्यायच्या आधी लाचलुचपत विभागाला १०६४ वर फोन करायचा.

रेशनचं थोडक्यात सांगतो. अंत्योदय कार्डाला महिन्याला ३५ किलो, प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, आणि जानेवारी २०२३ पासून हे धान्य फुकट आहे. अंगठा लावला की मशीनमधून पावती निघते, ती मागून घ्या, किलो ताडून बघा. आपल्या कार्डावर कुठल्या महिन्यात किती उचल दाखवलीय हे ऑनलाईनही बघता येतं. दहा घरांच्या तीन महिन्यांच्या पावत्या एकत्र ठेवल्या की दुकानदाराला समजावायला तेवढ्या बस होतात, नाहीच ऐकलं तर १९६७ या हेल्पलाईनवर फोन करा.

एक गंभीर गोष्ट लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. हिशोब मागणाऱ्यांवर हल्ले होतात. तळेगाव दाभाडेच्या सतीश शेट्टी यांचा २०१० च्या जानेवारीत खून झाला, जमिनीचे गैरव्यवहार ते बाहेर काढत होते. त्यामुळे धाडस म्हणून एकट्यानं काही करू नका. अर्ज आळीपाळीनं वेगवेगळ्या नावानं टाका, प्रत्येक कागदाच्या तीन झेरॉक्स तीन घरात ठेवा, आणि मिळालेली माहिती लगेच सगळ्यांना दाखवा, कारण ती सगळ्यांकडे पोचली की एकाला गप्प करून उपयोग राहत नाही. धमकी आली तर तोंडी सोडून देऊ नका, पोलीस स्टेशनला लेखी द्या आणि हो, पोच घ्या. विरोधी पार्टीवाले मदतीला येतील, कागद मागतील. द्या, सगळ्यांना देताय तसेच त्यांनाही, पण त्यांच्या बॅनरखाली जाऊ नका. पुढच्या निवडणुकीत तेच खुर्चीवर बसले तर त्यांनाही हेच विचारायचंय.

आता वेळापत्रक. आर्थिक वर्षातली पहिली ग्रामसभा मे संपायच्या आत होते आणि त्यात मागच्या वर्षाचा जमाखर्च, कामांचा अहवाल आणि ऑडिट रिपोर्ट मांडायचा असतो, ऑडिटमधले शक, म्हणजे ऑडिटरनं काढलेले आक्षेप, आणि त्यांचं अनुपालन काय केलं हे तिथेच विचारता येतं. तोपर्यंत कागद हातात पाहिजेत म्हणून उलटे दिवस मोजा. तीस दिवस अर्जाचे, नाही मिळालं तर अपिलाला अजून तीस ते पंचेचाळीस, म्हणजे अर्ज फेब्रुवारीत पडला पाहिजे आणि टेप घेऊन गल्लीत उतरायचं ते जानेवारीत, सुगीची कामं जरा सरल्यावर, संध्याकाळी पाचच्या सुमारास, तेव्हा सगळे घरी असतात.